हळदीकुंकवाच्या दिवशी पेत्रुन्या

प्रश्न : वाळवा तालुक्यातलं आमचं गाव. ग्रामसंघात सहा बचतगट, सत्तरेक बायका. मी एका महोत्सवात 'देव आहे, तिचं नाव पेत्रुन्या' हा मॅसिडोनियाचा सिनेमा पाहिला. नदीत टाकलेला क्रॉस फक्त पुरुषांनी पकडायचा अशी तिथली रीत, आणि ही बाई उडी मारून तो पकडते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो आमच्या बायकांना दाखवायचा विचार आहे. संध्याकाळी आधी हळदीकुंकू, मग सिनेमा. पण निम्म्या जणींना भराभर वाचता येत नाही. यात्रा कमिटीतल्या एकानं आमच्या मिस्टरांना आत्ताच विचारलंय, 'वहिनी देव बाटवायला निघाल्यात का?' आमच्या भैरोबाच्या पालखीला बायकांनी खांदा द्यायचा नाही, अशी पद्धत आहे. दोन-तीन पोरी म्हणतात, सिनेमा संपला की तिथंच पालखीचं जाहीर करू. परवानगी कुणाची लागते, दाखवायचा कसा, नंतर बोलायचं काय? आणि वाण काय द्यावं?

उत्तर : ताई, आधी क्रम उलटा करा. सिनेमा दुपारी, हळदीकुंकू नंतर. संध्याकाळी हळदीकुंकू झालं की वाण घेऊन निम्म्या बायका भाकरी टाकायला घरी जातात. ज्या उरतील त्यांचं लक्ष घड्याळाकडे. सिनेमा १०० मिनिटांचा आहे. दीडला सुरू केलात तर सव्वातीनपर्यंत संपतो, तासभर बोलणं, साडेचारला हळदीकुंकू. हा क्रम लावण्याचं आणखी एक कारण आहे, ते शेवटी येईल. गोष्ट घडते तो येशूच्या बाप्तिस्म्याचा सण तिथे १९ जानेवारीला येतो, म्हणजे आपल्या संक्रांत ते रथसप्तमीच्या अधेमधेच. योग चांगला आहे, पण त्या तारखेचा हट्ट धरू नका. ऊसतोडीचे दिवस आहेत. जवळचा रविवार बघा.

परवानग्या दोन प्रकारच्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. गावातली परवानगी सोपी. समाजमंदिरासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज, पोलीस ठाण्यात कार्यक्रमाची माहिती देणारं पत्र, आणि दोन्हींच्या प्रतीवर पोच. शिक्का आणि तारखेसह. तोंडी 'हो, करा की' यावर विसंबू नका. आदल्या दिवशी सभागृहाची किल्ली 'सापडत नाही' तेव्हा हाच कागद कामाला येतो.

दुसरी परवानगी चित्रपटाच्या हक्कधारकाची. तिकीट नाही म्हणजे परवानगी नको, हा समज चुकीचा आहे. घरगुती ओटीटी खात्यावरून सत्तर माणसांना सिनेमा दाखवणंही त्या खात्याच्या अटीत बसत नाही. शिवाय परदेशी चित्रपट जाहीरपणे दाखवायला इथल्या सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना त्यातून सूट मिळते, त्यामुळे तुम्ही महोत्सवात पाहिलात म्हणजे प्रमाणपत्र आहेच असं समजू नका. सरळ वाट म्हणजे फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजशी जोडलेल्या, जवळच्या एखाद्या फिल्म सोसायटीला सोबत घेणं. त्या सभासदांपुरते खेळ करतात आणि हा पत्रव्यवहार त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. तुमच्या बायकांना सभासद कसं करून घ्यायचं, हेही त्यांनाच विचारा. या चित्रपटाची जागतिक विक्री पॅरिसच्या पिरामिड इंटरनॅशनलकडे होती. ईमेलमध्ये तारीख, गाव, किती प्रेक्षक, तिकीट नाही, एकच खेळ, कशावर दाखवणार आणि मराठी उपशीर्षकं करण्याची परवानगी हवी, एवढंच लिहा. ग्रामीण महिला गटांसाठी बिगरव्यावसायिक दर मागा. जानेवारीचा खेळ असेल तर ईमेल नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेला पाहिजे. डिसेंबरच्या उत्तरार्धात युरोपातली कार्यालयं नाताळच्या सुट्टीवर असतात.

परवानगीसोबतच इंग्रजी उपशीर्षकांची वेळेसकट फाइल मागून घ्या. या चित्रपटाला २०१९ चा युरोपियन संसदेचा लक्स पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराचे चित्रपट युरोपियन संघाच्या २४ भाषांत उपशीर्षकांसह दाखवले जातात, तेव्हा अधिकृत फाइल आहेच. इंटरनेटवरून कुठली तरी उचलू नका. सिनेमाची फाइल सेकंदाला २४ चौकटींची (फ्रेमची) आणि उपशीर्षकं २५ च्या हिशेबानं केलेली असतील तर सुरुवातीला सगळं जुळलेलं दिसतं, पण शंभर मिनिटांच्या शेवटी चार मिनिटांचा फरक पडलेला असतो. क्रॉस पकडल्यावर पेत्रुन्याला पोलीस ठाण्यात नेतात, तिथला अख्खा सामना मग भलत्याच तोंडी जातो.

आता मराठी. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत ३६ ते ३८ अक्षरं. सराईत वाचकाला सेकंदाला पंधरा-सोळा अक्षरं झेपतात, तुमच्या प्रेक्षकांसाठी बाराच धरा. म्हणजे इंग्रजीतला एक चतुर्थांश मजकूर गाळावा लागणार. गाळा. 'तू माझं कधीच ऐकून घेत नाहीस, हे तुला माहीत आहे का?' याचं 'तू ऐकतच नाहीस' पुरतं. भाषा घरातली ठेवा, पण मुद्दाम वाळव्याची बोली घालू नका. पहिल्याच 'व्हय'ला हशा पिकेल आणि पुढचं गांभीर्य गेलं. एक शब्द मात्र नीट सांभाळा. तिथल्या धर्मगुरूला 'भटजी' म्हणू नका. तो शब्द आला की आपल्याकडचं जुनं भांडण खोलीत शिरतं आणि सिनेमातल्या श्तिप गावची गोष्ट बाजूलाच राहते. 'पाद्री' किंवा 'धर्मगुरू' ठीक. क्रॉसला क्रॉसच म्हणा.

उपशीर्षकांची फाइल साठवताना 'यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा, नाहीतर पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन येतात. पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावलात तर जोडाक्षरं तुटण्याची शक्यता मोठी, 'क्रॉस'चा 'क् रॉस' होतो. लॅपटॉपवर व्हीएलसी या सिनेमा चालवायच्या सॉफ्टवेअरमधून चालवा आणि अक्षराचा प्रकार देवनागरीचा निवडा. ओळी मागे पडत असतील तर जी, पुढे पळत असतील तर एच हे बटण दाबून तिथल्या तिथे सरकवता येतात.

तरीही निम्म्या जणी वाचणार नाहीत. त्यासाठी उत्तम उपाय म्हणजे दोन वाचक. एक बायकांचे संवाद वाचेल, एक पुरुषांचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे पहिला खेळ केला त्या सांगलीच्या जिल्ह्यात हौशी नाटकवाले मिळायला अडचण नाही. अडचण वेगळीच असते, ते अभिनय करायला लागतात. रडणं, ओरडणं पडद्यावरची माणसं करताहेत, वाचकानं फक्त अर्थ सांगायचा. मूळ संवाद सुरू झाल्यावर अर्धा सेकंद थांबून, सपाट आवाजात. मूळ आवाज बंद करायचा नाही, एक तृतीयांशावर आणायचा. पेत्रुन्या झालेल्या झोरित्सा नुशेवाच्या आवाजातला कंटाळा आणि चीड भाषा न कळता कळते, ती गमावू नका. जिथे कुणी बोलत नाही तिथे वाचकानंही गप्प बसायचं. 'आता ती पाण्याकडे बघतेय' असलं समालोचन नको. संपूर्ण चित्रपटासह किमान तीन तालमी हव्यात. पहिल्या तालमीत वाचक मागे पडतात, दुसरीत घाई करतात, तिसरीत जमतं. वाचकांना बाजूला बसवा आणि त्यांच्या दिव्याला कागदाचं टोपण घाला, नाहीतर अख्खं सभागृह त्या दिव्याकडेच बघत बसतं.

पडद्यावरची प्रतिमा आठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच पुरे. सतरंजीवर बसलेल्या माणसाचं डोकं तीन फुटांवर येतं आणि मागे खुर्च्यांवर आज्ज्या असतात, म्हणून प्रतिमेची खालची कड जमिनीपासून चार फूट वर घ्या. बहुतेक ठिकाणी पडदा खाली लावतात, आणि ओळी नेमक्या पुढच्यांच्या अंबाड्यामागे जातात. शेवटची रांग पंचवीस फुटांवर असेल तर पडद्यावरचं अक्षर निदान अडीच इंच उंच हवं. प्रोजेक्टर ३,००० ते ३,५०० ल्यूमेनचा घ्या. आठ फुटांच्या प्रतिमेसाठी साधारण प्रोजेक्टर बारा फुटांवर ठेवावा लागतो, म्हणजे तो बायकांच्या मधोमध येणार. त्याच्या वायरीवर सतरंजी टाकून कडेला चिकटपट्टी मारा. दुपार असल्यानं खिडक्यांना काळी ताडपत्री किंवा घोंगडी लावा, आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन कुठून उजेड येतो ते बघा. फटी उन्हाच्या कलाप्रमाणे दिसतात.

वीज जाणार हे धरूनच चाला. प्रोजेक्टर ३०० वॉट, लॅपटॉप ६०, दोन स्पीकर १५० असा सगळा मिळून पाचशेच्या आसपास भार होतो. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तो कागदोपत्री साडेतीन तास, प्रत्यक्षात दोन-अडीच तास चालतो, बॅटरी जुनी असेल तर तास-सव्वा तास. इन्व्हर्टरवर मोड बदलायचं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना जो क्षणभर खंड पडतो त्यात प्रोजेक्टर बंद होतो, आणि बल्ब गरम असला तर थंड होऊन परत लागायला वेळ घेतो. आवाजासाठी मंडपवाल्याचे मोठे डबे मागवू नका. बंद खोलीत ते घुमतात आणि शब्द फुटतात. पडद्याच्या दोन बाजूंना दोन मध्यम स्पीकर, कानाच्या उंचीच्या थोडे वर.

फलकावर काय लिहायचं, हा नाजूक मुद्दा. चित्रपटाचं पूर्ण नाव गावाच्या चौकात फडकवलं तर ते वाचून कुणी सिनेमाचा विचार करणार नाही, 'कुठली नवी देवी काढली' एवढंच विचारतील. फलकावर 'पेत्रुन्या : एक चित्रपट आणि हळदीकुंकू' लिहा. पूर्ण नाव निमंत्रणात आणि ग्रामपंचायतीच्या अर्जात स्पष्ट द्या. लपवलं असा आरोप यायला नको. चित्रपटात शिव्या आहेत, आणि कारखान्याच्या मालकाकडून होणारा अपमान बघवत नाही असा आहे. म्हणून लहान मुलं नकोत. मुलांना शेजारच्या खोलीत सांभाळायला दोघीजणी ठेवा, नाहीतर तरण्या सुना येणारच नाहीत.

सुरुवातीला पाच मिनिटं बोला, त्याहून जास्त नको. देश कुठे आहे (ग्रीसच्या उत्तरेला), हे ख्रिस्ती लोक जुनं पंचांग पाळतात म्हणून त्यांचा ६ जानेवारीचा सण तेरा दिवस उशिरा येतो, पाद्री लाकडी क्रॉस थंडगार नदीत टाकतो आणि ज्याला तो सापडेल त्याचं वर्ष भाग्याचं जातं असं मानतात. २०१४ मध्ये श्तिपमध्ये एका बाईनं खरोखरच तो पकडला होता, त्यावरून दिग्दर्शिका तेओना स्त्रुगार मितेव्हस्का यांनी ही गोष्ट रचली, हेही सांगा. 'आपल्याकडच्या अमुकसारखं' असं मात्र तुम्ही म्हणू नका. ते बायकांनाच म्हणू द्या, आणि त्या म्हणतीलच.

नंतरच्या बोलण्यात तीन गोष्टींनी घात होतो. पहिली, 'कसा वाटला सिनेमा?' हा प्रश्न. त्याचं उत्तर 'छान' असतं आणि तिथेच गाडी अडते. त्याऐवजी वस्तुस्थिती विचारा. पेत्रुन्याला अटक झाली का? कुठलं कलम लागलं? रात्रभर ठाण्यात बसवतात, आणि ती विचारत राहते की माझा गुन्हा काय? कुणालाच सांगता येत नाही, कारण तसा कायदाच नाही. चित्रपटाचं सगळं बळ या एका प्रश्नात आहे. मग आईकडे वळा. मुलगी बत्तीस वर्षांची, इतिहास शिकलेली, बेकार. आई तिला नोकरीच्या मुलाखतीत वय पंचवीस सांगायला लावते. ती आई वाईट आहे का? इथे सासू झालेल्या बायका बोलायला लागतात, आणि त्यांचं बोलणं पोरींनी मधे न तोडता ऐकायला हवं.

दुसरी गोष्ट, धर्म. 'त्यांच्यातही असंच असतं म्हणायचं' असं कुणीतरी म्हणतं, बाकीच्या माना डोलावतात, आणि सगळ्या निवांत मनानं घरी जातात. हे सुरू होताना दिसलं की सत्तर जणींचा मेळावा मोडून पंधरा-पंधरा जणींची वर्तुळं करा आणि चिठ्ठ्या वाटा. 'आपल्या गावात बायकांनी काय करायचं नाही?' एका चिठ्ठीवर एक गोष्ट. लिहिता येत नाही तिच्यासाठी शेजारची लिहील, नाव कुणाचंच नको. मग जमिनीवर तीन ढीग करा : हे कायद्यात लिहिलंय, हे देवस्थानाच्या नियमात लिहिलंय, हे कुणी कधी विचारलंच नाही. तिसरा ढीग सगळ्यात मोठा होतो. पाळीचा विषय बोलण्यात येत नाही पण चिठ्ठीत येतो, म्हणून चिठ्ठ्याच हव्यात. तिसरी गोष्ट म्हणजे मागे दाराशी उभे राहणारे दोन-चार पुरुष. त्यांना हाकलू नका, सिनेमा बघू द्या. चर्चेच्या वेळी चहाच्या निमित्तानं बाहेर घ्या.

पहिल्या ढिगात काही टाकण्याआधी कायदा माहीत हवा. महाराष्ट्रात १९५६ चा हिंदू सार्वजनिक पूजास्थळ प्रवेशाचा कायदा आहे. कोणत्याही वर्गाच्या हिंदूला इतर हिंदूंइतकाच प्रवेश आणि पूजेचा हक्क, अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता यावं म्हणून साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर २००० च्या आसपास लढले. पुढे कार्यकर्त्या विद्या बाळ आणि वकील नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये हाच कायदा पुढे केला आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, चौथरा बायकांना खुला झाला. यातला बारकावा असा की हक्क 'इतरांइतकाच' आहे. जिथे पुजाऱ्याशिवाय कुठलाच पुरुष जात नाही, तिथे बायकांनाही नाही म्हणता येतं. शबरीमला कुणीतरी काढेलच. तो खटला केरळातल्या नियमाचा आहे, त्यात शिरलात तर तास संपेल.

तुमच्या पालखीचा खांदा हा प्रवेशाचा प्रश्नच नाही, तो मानाचा आहे. कोणत्या घराण्याचा पहिला खांदा, कुणाची छत्री, कुणाचा अब्दागिरीचा मान, हे सगळं मानकऱ्यांच्या गणितात बसलेलं असतं, आणि त्यात बायकाच नव्हे तर गावातले अर्धे पुरुषही नसतात. म्हणून सिनेमा संपताच जाहीर करायचा पोरींचा बेत आम्हाला पटत नाही. त्यानं यात्रा कमिटीला आयतं कारण मिळेल आणि सत्तरातल्या साठ जणी पुढच्या कार्यक्रमाला येणार नाहीत. देवस्थान नोंदणीकृत असेल तर सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात त्याच्या घटनेची, म्हणजे लेखी नियमावलीची, प्रत अर्ज करून मिळते. ती आणा. खांद्याबद्दल त्यात एक अक्षरही नसेल तर पेत्रुन्याचा प्रश्न तुमच्या हातात आला : नियम कुठे लिहिलाय? तो कमिटीच्या बैठकीत, दोन-चार मानकऱ्यांच्या घरच्या बायकांना सोबत घेऊन, शांतपणे विचारा. त्या घरच्या बायका सोबत नसतील तर थांबा.

आणि आता क्रम उलटा का, ते. तुमच्या पत्रात सत्तर बायकांचा आकडा आहे, त्यात विधवा किती ते नाही. हळदीकुंकवाला त्या कुठे बसणार? यात्रा कमिटीतला तो माणूस मिस्टरांना पुढचा प्रश्न हाच विचारणार आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे आधीच असायला हवं. विधवांना कुंकू लावायचं नाही हा नियम पुरुषांनी तुमच्या हातात दिला असेल, पण त्या दिवशी तबक तुमच्या हातात असतं. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुमच्यापासून काही लांब नाही. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तुमच्या गावात असा ठराव झालाय का ते ग्रामपंचायतीत विचारा. नसेल तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे मांडता येईल.

पण हे भर कार्यक्रमात नाट्य म्हणून करू नका. ज्यांचे पती गेलेत त्या प्रत्येकीला आधी, एकटीला, घरी जाऊन विचारा : कुंकू घेशील का, की नुसती हळद, की नुसतं वाण? काही नको म्हणतील, त्यांना गळ घालू नका. काही 'सुनेला विचारते' म्हणतील, म्हणजे दोन दिवसांनी परत जा. निमंत्रणात सगळ्यांना तेच शब्द, 'सौभाग्यवती' हा शब्द कुठेच नको. तबक एकच, रांगेत बसल्या त्या क्रमानं. वेगळी रांग नाही, शेवटी नाही, आणि त्यांना मुद्दाम पहिलंही नाही. फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. एखादी ज्येष्ठ सवाष्ण उठून गेली तर जाऊ द्या, तिला मागाहून वाण घरी पोचवा.

मिस्टरांना कमिटीतल्यांसमोर तुमची बाजू मांडायला लावू नका. त्यांनी एवढंच म्हणावं, 'पोच आहे, बघायला या.'

वाण म्हणून पेन द्या. चिठ्ठ्यांसाठी सत्तर पेनं तशीही लागणारच आहेत.